भाषण ऐकावे, थांबावे आणि मग हाताने लिहावे

शाळा-महाविद्यालयात वह्यांमागून वह्या भरलेल्या, पण पुढे नोकरीत सही, धनादेश आणि वाणसामानाची यादी याखेरीज हाताने काहीच न लिहिलेल्या वाचकांसाठी हे मार्गदर्शन आहे. हाताने लिहिणे पुन्हा सुरू करायचे ठरवले की खरी अडचण येते ती अक्षराची नव्हे, तर मजकुराची. रोज लिहायचे तरी काय? रोजनिशीत चार दिवसांनी तेच ते येऊ लागते, कित्ता गिरवायला मोठ्या माणसाचे मन घेत नाही आणि छापील पुस्तकातले उतारे उतरवताना लक्ष लवकरच भरकटते. मला या प्रश्नाचे उत्तर इंटरनेटवरील भाषणांत सापडले. एखादे चांगले भाषण ऐकायचे आणि त्याचे टिपण हाताने काढायचे, असे सुरू केल्यापासून माझे अक्षर तर सावरलेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ऐकलेले मनात राहू लागले. त्याआधी मी अशी भाषणे पुष्कळ पाहिली होती. ती ऐकताना भारावून जात असे, पण आठवड्याने वक्त्याचे नेमके म्हणणे काय होते हे विचारले असते, तर एखाद्या किश्शापलीकडे मला काही सांगता आले नसते.

या पद्धतीचे मर्म एकच आहे. हात बोलण्याइतका वेगाने चालत नाही, आणि तो चालत नाही हेच आपल्या उपयोगाचे आहे. इंग्रजीत सावकाश बोलणारा वक्तासुद्धा मिनिटाला साधारण १३० ते १५० शब्द बोलतो, म्हणजे १८ मिनिटांच्या भाषणात जवळपास अडीच हजार शब्द होतात. हाताने लिहिण्याचा वेग मात्र मिनिटाला २०-३० शब्दांच्या आसपासच असतो. त्यामुळे सगळे उतरवून घेणे शक्यच नसते आणि काय ठेवायचे, काय सोडायचे हे प्रत्येक वाक्याला ठरवावे लागते. ते ठरवण्यासाठी आधी समजून घ्यावे लागते. टंकलेखनाचा सराव असलेल्या माणसाला ही सक्ती फारशी जाणवत नाही, कारण वक्त्याचे बरेचसे शब्द तो अर्थाकडे लक्ष न देताही उतरवू शकतो.

याविषयी प्रयोगही झालेले आहेत, आणि त्यांच्याविषयी अतिशयोक्ती न करता बोलले पाहिजे. पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर या मानसशास्त्रज्ञांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सर्वांत गाजला. त्यातल्या पहिल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना दाखवलेली व्याख्याने इंटरनेटवर छोटी भाषणे विनामूल्य दाखवणाऱ्या ‘टेड’ या अमेरिकी संस्थेची होती, हा आपल्या विषयाच्या दृष्टीने सुखद योगायोग. लॅपटॉपवर टिपणे काढणाऱ्यांनी अधिक शब्द लिहिले, वक्त्याची वाक्ये अधिक प्रमाणात जशीच्या तशी उतरवली, आणि संकल्पना समजली आहे का हे तपासणाऱ्या प्रश्नांत मात्र ते मागे पडले. पुढे २०२१ साली हाच प्रयोग दुसऱ्या संशोधकांनी पुन्हा केला, तेव्हा शब्दसंख्येतला आणि शब्दशः उतरवण्यातला फरक पुन्हा दिसला, परंतु प्रश्नांच्या उत्तरांतला फरक दिसला नाही. नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथील विद्यापीठाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३६ विद्यार्थ्यांच्या डोक्यावर २५६ संवेदक बसवलेली टोपी घालून मेंदूतील विद्युत्-क्रिया नोंदवण्यात आली. डिजिटल पेनाने शब्द लिहिताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतील जोडणी टंकलेखनापेक्षा अधिक व्यापक असल्याचे त्यात आढळले. मात्र त्या प्रयोगात टंकलेखन एकाच बोटाने करवले होते आणि नंतर किती आठवले हे तपासलेले नव्हते. म्हणून हाताने लिहिले की स्मरणशक्ती आपोआप वाढते, असा दावा मी करणार नाही. हात निवड करायला लावतो, एवढे मात्र खात्रीने म्हणता येते, आणि त्या निवडीचा उपयोग कसा करून घ्यायचा हे आपल्याच हाती असते.

हात पुन्हा वळवताना

साधनांचा फार विचार करू नये. बॉलपेनाला दाब द्यावा लागतो आणि सवय सुटलेला हात त्यामुळे लवकर दुखू लागतो. म्हणून सुरुवातीला जेल पेन किंवा शाईचे पेन बरे. शाईचे पेन वापरायचे असेल तर निब बारीक किंवा मध्यम असावी आणि कागद दर चौरस मीटरला निदान ८० ग्रॅम वजनाचा, गुळगुळीत असावा, नाहीतर शाई फुटते आणि पानाच्या मागे उमटते. पेन अधूनमधून साध्या थंड पाण्याने धुवावे. आपल्याकडे शाई ही जवळच्या दुकानात मिळणारी वस्तू आहे, दि. प. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईची पूड आणि वड्या करण्यापासून जो उद्योग सुरू केला, त्याच ‘कॅम्लिन’ची शाईची बाटली महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी दप्तरात सांडलेली आहे. महागडी परदेशी साधने आणून मग त्यांच्या धाकाने लिहिणे टाळण्यापेक्षा ही परिचित शाई आणि साधी मोठी वही हे केव्हाही चांगले.

बैठकीकडे मात्र लक्ष द्यावे. दोन्ही पावले जमिनीला टेकलेली असावीत, कोपरापासून पुढचा हात टेबलावर विसावलेला असावा, आणि उजव्या हाताने लिहिणाऱ्याने वही किंचित डावीकडे कलती ठेवावी. डावखुऱ्याने नेमके उलट करावे. पेन अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांच्यात इतके सैल धरावे की दुसऱ्याने ओढले तर सहज निसटावे. नुसत्या बोटांनी अक्षर काढले की बोटे अवघडतात, म्हणून हालचाल मनगटातून आणि पुढच्या हातातून येऊ द्यावी. पहिले काही दिवस दहा मिनिटांपेक्षा अधिक लिहू नये. हात दुखू लागल्यावरही रेटून लिहिलेले अक्षर बिघडते आणि ते बिघडलेले पाहून उत्साह जातो.

देवनागरी अक्षराला वळण लावण्याची जुनी शाळकरी रीत आजही उपयोगी पडते. मराठी शाळांत मुळाक्षरे गिरवताना सुरुवात ‘ग म भ न’ने होत असे, कारण या चारही अक्षरांत उभा दंड समान असतो आणि फक्त डावीकडचा भाग बदलतो. मोठ्या माणसानेही अशीच आकारांची कुटुंबे करून सराव करावा: ग-म-भ-न, व-ब-क, ट-ठ-ढ-द, प-ष-फ. एका कुटुंबातली अक्षरे असलेले चार-पाच शब्द निवडून एक ओळ लिहावी, एवढे पुरे. वर्षानुवर्षे पडद्यावरचे टंक वाचून ल आणि श यांचे रूप आपल्या हातातही बदललेले असते. मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श हीच रूपे वापरावीत, असे महाराष्ट्र शासनाने २००९ सालच्या निर्णयात स्पष्ट केलेले आहे. आपण शाळेत शिकलो ती रूपे हाताला पुन्हा लावून घेण्यात मला तरी फार आनंद वाटला.

अक्षर कसे असावे याविषयी समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासात जे सांगितले आहे, त्याहून व्यवहार्य सूचना मी वाचलेल्या नाहीत. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे. पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सारे एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे. कागदाच्या चारही बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी मजकूर शाबूत राहील. तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते कामाला येत नाही, असेही तिथे बजावले आहे. ही शेवटची सूचना टिपणांच्या बाबतीत तंतोतंत लागू पडते. टिपण हे पुढे कधीतरी वाचण्यासाठी असते आणि तेव्हाचे डोळे आजचे नसतात.

वेगाने लिहिताना शिरोरेषेचे काय करावे, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. प्रत्येक शब्दावर वेगळी रेघ ओढण्यात वेळ जातो. मोडी लिहिणारे कारकून आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेत आणि मग तिच्याखाली हात कमीत कमी उचलत लिहीत जात. पुण्याच्या पेशवे दफ्तरातली रुमालात बांधलेली कागदपत्रे पाहिली की ही रीत डोळ्यांपुढे येते. आपल्यालाही तिचा उपयोग करता येतो. वहीतली छापील रेघ हीच शिरोरेषा मानावी आणि अक्षरे तिच्यापासून खाली लोंबती लिहावीत. मात्र दोन पथ्ये पाळावीत. मोडीत शब्द तोडून लिहिण्याचा प्रघात नव्हता आणि त्यामुळे ती वाचणे अवघड जाते. म्हणून सलग रेघेखाली लिहिताना दोन शब्दांत नेहमीपेक्षा अधिक जागा सोडावी. दुसरे म्हणजे भ आणि म, ध आणि घ यांतला भेद एरवी रेघ तुटण्यावरून कळतो. छापील रेघ तुटत नाही, त्यामुळे भ आणि ध यांचा सुरुवातीचा वळसा ठळक काढावा.

कोणते भाषण घ्यावे

सभेला जाऊन व्याख्यान ऐकण्याची आवड महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेची सुरुवात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली केली आणि गावोगावच्या व्याख्यानमाला त्यानंतर याच धर्तीवर वाढल्या. ‘टेड’ची पहिली परिषद अमेरिकेत १९८४ साली झाली आणि तिथली भाषणे २००६ सालापासून इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य पाहता येऊ लागली. तिथे वक्त्याला जास्तीत जास्त १८ मिनिटे मिळतात. ही मर्यादा टिपण काढणाऱ्याला फार सोयीची आहे, कारण तेवढ्या वेळात वक्ता एकच मुद्दा नीट मांडू शकतो आणि आपल्यालाही तो एका पानावर बसवता येतो. दीड तासाचे व्याख्यान आवडीचे असले तरी सरावासाठी पहिल्या महिन्यात घेऊ नये.

सवय पूर्ण सुटलेली असेल तर आणखी लहान भाषणापासून सुरुवात करावी. मॅट कट्स या संगणक-अभियंत्याचे २०११ सालचे, एखादी नवी गोष्ट ३० दिवस करून पाहावी असे सुचवणारे भाषण साडेतीन मिनिटांचेच आहे. ते पान भरण्याआधीच संपते आणि हाताला दमवत नाही. त्यानंतर आपल्या कामाशी संबंध नसलेला एखादा विषय घ्यावा. शिक्षकाने समुद्रजीवांविषयी ऐकावे, हिशेबनिसाने वास्तुरचनेविषयी. ओळखीच्या विषयात आपण वक्त्याच्या आधीच वाक्य पूर्ण करतो आणि टिपणात त्याचे नव्हे, तर आपलेच जुने म्हणणे उतरते.

भाषण इंग्रजीत असले तरी टिपण मराठीत काढावे, असा माझा आग्रह आहे. इंग्रजी ऐकून इंग्रजीतच लिहिताना, हाताने लिहीत असलो तरी, वक्त्याची चमकदार वाक्ये कागदावर घुसतातच. मराठीत लिहायचे ठरवले की ती वाट बंद होते. वाक्य समजल्याशिवाय लिहिताच येत नाही, आणि जिथे मराठी वाक्य अडते तिथे बहुधा आपल्याला मुद्दाच कळलेला नसतो. हे अडणे फार मोलाचे आहे. अशा ठिकाणी समासात फुली करून ठेवावी आणि तो भाग पुन्हा ऐकावा. पारिभाषिक शब्द नागरी लिपीत जसाच्या तसा लिहिला तरी चालतो. त्याला प्रतिशब्द शोधत बसण्याची ही वेळ नव्हे.

प्रत्यक्ष टिपण

पान आधी आखून घ्यावे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी १९५० च्या दशकात रूढ केलेली आखणी अजून मागे पडलेली नाही: डावीकडे सुमारे अडीच इंचांचा उभा पट्टा, उजवीकडे टिपणासाठी मोठी जागा आणि पानाच्या तळाला दोन इंचांची मोकळी पट्टी. वर तारीख, वक्त्याचे नाव, विषय आणि भाषणाचे वर्ष लिहावे. वर्ष लिहायला लोक विसरतात, पण दहा वर्षांपूर्वी सांगितलेली आकडेवारी आजची म्हणून पुढे सांगितली जाऊ नये यासाठी ते लागते.

पहिल्या वेळी पेन बंद ठेवून भाषण सलग ऐकावे. हात मांडीवर, लक्ष वक्त्याकडे. गती वाढवून ऐकू नये; वक्त्याने घेतलेला विराम हाही त्याच्या सांगण्याचा भाग असतो आणि दीडपट गतीत तोच प्रथम नाहीसा होतो. ऐकून झाल्यावर, काहीही न पाहता, वक्त्याचे म्हणणे एका वाक्यात वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहावे. हे वाक्य चुकले तरी खोडू नये, पुढे ते ताडून पाहायचे आहे.

दुसऱ्या वेळी थांबत थांबत ऐकावे. कधी थांबावे, यातच सारे कौशल्य आहे. घड्याळ लावून दर दोन मिनिटांनी थांबणे सोपे, पण निरुपयोगी, कारण त्यामुळे उदाहरण मध्येच तुटते. चांगला वक्ता साधारणतः एक किस्सा सांगतो, त्यातून एक विधान काढतो आणि पुढच्या किश्शाकडे वळतो. त्या वळणावर थांबावे. यूट्यूबवर संगणकाच्या कळफलकावरील ‘के’ ही कळ दाबली की भाषण थांबते आणि ‘जे’ दाबली की १० सेकंद मागे जाते. मोबाइलवर पडद्याच्या डाव्या बाजूला दोनदा टिचकी मारली तरी तेवढेच मागे जाता येते. मोबाइल शक्यतो वापरू नये, कारण थांबवलेल्या पडद्यावर दुसरेच काही येऊन बसते आणि हातातले पेन खाली ठेवले जाते.

थांबल्यावर लगेच लिहू नये. एक श्वास घ्यावा, आत्ता काय सांगितले ते मनाशी मराठीत म्हणावे, आणि मग लिहावे. लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या दिसतील असे करावे: वक्त्याचे विधान, त्याने दिलेला आधार आणि उदाहरण. विधान पूर्ण वाक्यात असावे. उदाहरणाला दोन-चार शब्दांची खूण पुरते, कारण किस्से आपोआप आठवतात. आकडे आणि विशेषनामे मात्र भाषण पुन्हा ऐकून तपासून लिहावीत, शेजारी भाषणातली वेळ टाकावी, म्हणजे पुढे शंका आली तर तो भाग शोधत बसावे लागत नाही. ‘टेड’च्या संकेतस्थळावर भाषणांच्या लेखी प्रती असतात आणि स्वयंसेवकांनी केलेली मराठी उपशीर्षकेही अनेक भाषणांना आहेत, पण ती टिपण पूर्ण झाल्यावर, पडताळ्यापुरती पाहावीत. आधीच पाहिली तर ऐकणे संपते आणि उतरवणे सुरू होते.

डावीकडचा पट्टा त्या दिवशी कोराच ठेवावा. दुसऱ्या दिवशी सकाळी टिपण वाचून त्यात प्रश्न लिहावेत: हे कशावरून? हे माझ्या गावात, माझ्या कामात लागू होईल का? वक्त्याने कोणती बाजू सोडून दिली? मग उजवीकडचा भाग कोऱ्या कागदाने झाकून फक्त प्रश्नांवरून मजकूर आठवून पाहावा आणि शेवटी तळाच्या पट्टीत तीन-चार वाक्यांचा सारांश लिहावा. मागच्या पानावर पहिल्या वेळी लिहिलेले वाक्य आणि हा सारांश शेजारी ठेवून वाचले, म्हणजे आपण एरवी किती अर्धवट ऐकतो ते नीट कळते. मला तर दरवेळी आश्चर्य वाटते.

शंकेचा हा पट्टा प्रेरणादायी भाषणांसाठी विशेष गरजेचा आहे, कारण सभागृह टाळ्या वाजवत उभे राहिलेले दिसले की आपलीही चिकित्सा थांबते. एमी कडी या सामाजिक मानसशास्त्रज्ञ. त्यांचे देहबोलीविषयीचे २०१२ सालचे भाषण जगभर गाजले. आत्मविश्वासाची शारीरिक ठेवण दोन मिनिटे धरली की शरीरातल्या संप्रेरकांत बदल होतो, हा त्यातला एक मुद्दा कडी यांनी इतरांसह लिहिलेल्या शोधनिबंधावर आधारलेला होता. २०१५ साली २०० जणांवर केलेल्या मोठ्या प्रयोगात तो बदल आढळला नाही, आपण समर्थ आहोत ही भावना वाढल्याचे तेवढे आढळले. आणि मूळ शोधनिबंधाच्या एका सहलेखिकेने पुढच्याच वर्षी आपला त्या निष्कर्षावर विश्वास उरला नसल्याचे जाहीर केले. ज्याने २०१२ साली टिपण काढून त्याशेजारी ‘हे कशावरून?’ असे लिहून ठेवले असेल, त्याला पुढचा भाग जोडायला जागा तयार होती. भाषण मनाला भिडले म्हणून ते खरे ठरत नाही, आणि एक मुद्दा डळमळला म्हणून सगळे भाषणही टाकाऊ ठरत नाही. टिपणात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी राहू शकतात.

आठवड्याला एकच भाषण घ्यावे. त्यामागोमाग दुसरे, तिसरे असे आपोआप सुरू होऊ नये यासाठी संकेतस्थळावरील आपोआप पुढे चालू होण्याची सोय बंद करावी. वहीची पहिली दोन पाने अनुक्रमणिकेसाठी कोरी ठेवावीत, पानांना क्रमांक घालावेत आणि प्रत्येक टिपणाची नोंद तिथे करावी. क्रमांक नसलेली वही भरल्यावर कोणीही उघडत नाही.

महिन्यातून एकदा, त्या महिन्यातले सर्वांत आवडलेले टिपण निवडून ते पोस्टकार्डावर उतरवावे आणि ज्याला त्या विषयात रस असेल अशा स्नेह्याला पाठवावे. भारतात पोस्टकार्ड १८७९ साली सुरू झाले. त्याची लिहिण्याची जागा तळहाताएवढी, त्यामुळे तळपट्टीतला सारांशही आणखी आवळावा लागतो. विधान, एक उदाहरण आणि आपली शंका, यापलीकडे काही मावत नाही. मजकूर आधी कच्च्या कागदावर लिहून ओळी मोजून घ्याव्यात, म्हणजे शेवटी अक्षर बारीक करून कोपऱ्यात कोंबावे लागत नाही. शाईचे पेन असेल तर आधी कार्डाच्या कडेला एक रेघ ओढून शाई फुटते का ते पाहावे, आणि फुटत असेल तर बॉलपेन घ्यावे. शंका प्रश्नाच्या रूपात लिहावी, म्हणजे उत्तर देणाऱ्यालाही पेन उचलावे लागते. पत्ता सुट्या, ठळक अक्षरांत लिहावा, पिनकोडचे सहाही आकडे त्यांच्या चौकटींत नीट बसवावेत, आणि स्वतःचा पत्ता द्यायला विसरू नये.